डिजिटल व्हर्निअरला सेल तोडणारा स्विच बसवताना

स्वस्तातल्या डिजिटल व्हर्निअरचं 'ऑफ' बटण सेल बंद करत नाही. ते फक्त डिस्प्ले विझवतं. आतलं सर्किट सरकत्या भागाची जागा मोजत राहतं, म्हणजे पुन्हा 'ऑन' केलं की आधी धरलेलं शून्य जागेवर सापडतं. सोय चांगली आहे, पण ती सेलच्या जिवावर चालते. म्हणून महिन्यातून चार वेळा वापरलेल्या व्हर्निअरचा सेलही वर्षाच्या आत संपतो आणि नेमकं माप घ्यायच्या वेळी डिस्प्ले लुकलुकू लागतो.

सेल आणि सर्किट यांच्यामध्ये खराखुरा स्विच टाकला की हा खर्च थांबतो. काम तासा-दीड तासाचं आहे आणि सामान अगदी किरकोळ. मात्र स्विच बसवल्यावर शून्य टिकत नाही, हे आधी नीट समजून घ्या. वीज तोडून पुन्हा दिली की जबडे जिथे असतील तीच जागा बहुतेक स्वस्त व्हर्निअर शून्य धरतात. जबडे १२ मिमी उघडे असताना चालू केलं तर डिस्प्लेवर ०.०० दिसेल, आणि पुढचं प्रत्येक माप १२ मिमीने चुकेल. त्यामुळे इथून पुढे सवय अशी लावायची: स्विच चालू, जबडे पुसून मिटवायचे, शून्याचं बटण, मगच माप. ही सवय लागणार नसेल, किंवा व्हर्निअर चार जणांच्या हातात फिरत असेल, तर स्विच बसवू नका.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ज्या उपकरणावर कॅलिब्रेशनचं, म्हणजे प्रमाणित मापाशी पडताळल्याचं, स्टिकर आहे, त्याला हात लावायचा नाही. उघडलेलं उपकरण पुन्हा कॅलिब्रेट झाल्याशिवाय तपासणीला चालत नाही, आणि ऑडिटमध्ये त्याचं उत्तर द्यावं लागतं. महागडे 'ॲब्सोल्यूट' पट्टीचे व्हर्निअर मुळातच फार कमी वीज घेतात, त्यांचा सेल काही वर्षं जातो. त्यांनाही हे लागू नाही. हा उद्योग आहे तो घरच्या बाकावरच्या, छंदाच्या किंवा छोट्या वर्कशॉपमधल्या वैयक्तिक व्हर्निअरसाठी.

आधी मोजा, मग ठरवा

स्विचची गरज आहे का, हे मल्टीमीटर सांगतो. सेल काढा. सेलचं एक टोक आणि त्याचा व्हर्निअरमधला संपर्क यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर येईल अशा दोन बारीक तारा लावा आणि रेझिस्टरवर किती मिलिव्होल्ट पडतात ते वाचा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोॲम्पिअर. मीटरवर २००० मायक्रोॲम्पिअरची रेंज असेल तर थेट मोजलं तरी चालतं, पण रेझिस्टरच्या पद्धतीत मीटरचा फ्यूज उडायची भीती नसते आणि साध्या मीटरवरही आकडा स्थिर दिसतो.

डिस्प्ले चालू असताना आणि बंद असताना, असं दोनदा मोजा. बऱ्याच स्वस्त व्हर्निअरमध्ये दोन्ही आकडे १५ ते २५ मायक्रोॲम्पिअरच्या आसपास येतात. 'बंद' केल्याने जवळजवळ काहीच वाचत नाही, हे इथे डोळ्यांनी दिसतं. आता हिशोब करा. चांगल्या एलआर४४ सेलमध्ये (बहुतेक स्वस्त व्हर्निअरमध्ये असतो तो अल्कलाइन बटण सेल) साधारण १२० मिलिॲम्पिअर-तास असतात. २० मायक्रोॲम्पिअरने ते ६००० तासांत, म्हणजे २५० दिवसांत संपतात. खोक्यासोबत आलेला फुकटचा सेल याच्या निम्माही टिकत नाही. हाच व्हर्निअर स्विच लावून रोज अर्धा तास वापरला तर वर्षाला ४ मिलिॲम्पिअर-ताससुद्धा लागत नाहीत. मग सेल वापराने संपत नाही, वयाने संपतो.

बंद असतानाचा आकडा १० मायक्रोॲम्पिअरच्या वर असेल तर स्विच बसवणं सार्थकी लागतं. ५ च्या खाली असेल तर उघडू नका. तेवढ्यावर सेल तीनेक वर्षं जातो आणि उघडण्यातला धोका फायद्यापेक्षा मोठा ठरतो.

त्याआधी एक सोपा उपाय करून बघा. एलआर४४ च्या जागी एसआर४४ टाका. आकार तोच, ११.६ मिमी व्यास आणि ५.४ मिमी जाडी, पण आतलं रसायन सिल्व्हर ऑक्साइडचं. अल्कलाइन सेलचा व्होल्टेज १.५ पासून हळूहळू उतरत जातो आणि साधारण १.४ च्या खाली गेला की हे व्हर्निअर लुकलुकू लागतात, म्हणजे सेलमध्ये बराच जीव शिल्लक असतानाच तो फेकला जातो. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल शेवटापर्यंत १.५५ च्या जवळ राहतो. घड्याळवाल्याकडे तो '३५७' या नंबरानेही मिळतो. खेळण्यांच्या दुकानातला एजी१३ म्हणजे एलआर४४च, तो घेऊन फरक पडणार नाही.

सामान

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, हे सगळं एका फेरीत मिळतं. तीन पायांचा छोटा स्लाइड स्विच मागा, एसएस-१२डी०० या नंबराचा. एक पुरतो पण तीन घ्या, कारण सोल्डर करताना पाय जास्त तापला की आतलं प्लास्टिक मऊ होऊन स्विच सैल पडतो. जागा फारच कमी असेल तर त्याहून चपटा, बोर्डावर बसणारा एमएसके-१२सी०२ घ्या, पण त्याचे पाय इतके बारीक असतात की भिंग लागेल. पुश बटण किंवा टॉगल नको: टॉगल खिशात अडकतं आणि पुश बटण चालू आहे की बंद हे कळत नाही.

बाकी ३० गेजची रॅपिंग वायर अर्धा मीटर, १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर एक, १०० ओहमचा छोटा रेझिस्टर एक, कॅप्टन टेप (ती पिवळसर, उष्णता सहन करणारी), ०.५ मिमी सोल्डर वायर, सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी आणि सावकाश सुकणारा दोन ट्यूबांचा अरल्डाइट. झटपट चिकटणारा फेव्हिक्विकसारखा गोंद या कामात वापरू नका. त्याची वाफ डिस्प्लेच्या काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते आणि पातळ थेंब स्विचच्या फटीतून आत शिरून संपर्क कायमचा बंद करतो.

सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा, तीन पिनांचा हवा. दोन पिनांचा असेल तर तापवून प्लग काढा आणि मग बोर्डाला टेकवा. त्यातून गळणारी वीज या चिपला पुरेशी घातक असते.

न उघडता: जिभेची पद्धत

पहिल्यांदाच करत असाल तर इथून सुरुवात करा. व्हर्निअर उघडावा लागत नाही आणि मन बदललं तर सगळं पाच मिनिटांत निघतं.

ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीटची ७ मिमी रुंद, ३० मिमी लांब पट्टी कापा. ५ मिमी रुंद तांब्याच्या चिकट टेपचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाच्या एका टोकाला तार आधी सोल्डर करा, आणि त्यानंतरच ते पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवा. उलट क्रमाने केलंत तर शीट वितळेल. दोन्ही कडांना १ मिमी प्लास्टिक मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर दोन बाजूंचं तांबं एकमेकांना भिडतं आणि स्विच असून नसल्यासारखा होतो.

ही जीभ सेलच्या ऋण बाजूला सरकवायची. धन बाजूला ठेवून उपयोग होत नाही, कारण अनेक व्हर्निअरमध्ये धनाची स्प्रिंग सेलच्या डबीला कडेने टेकते, आणि वीज जिभेला वळसा घालून जाते. ऋण बाजूला दुसरी अडचण आहे. मधली चकती ऋण असते, पण तिच्याभोवतीची कड धन असते. जिभेचं तांबं दोन्हींना टेकलं की सेल शॉर्ट होऊन काही तासांत मरतो. म्हणून सेलकडच्या बाजूला मधला ४ मिमीचा ठिपका तेवढा उघडा ठेवा, बाकी तांबं कॅप्टन टेपने झाका. संपर्काकडच्या बाजूलाही स्प्रिंग टेकते तेवढंच उघडं राहू द्या. जिभेचं शेपूट सेलच्या कडेने वर आणून झाकणाच्या कोपऱ्यात कानशीने पाडलेल्या १ मिमीच्या खाचेतून बाहेर काढा आणि दोन्ही तारा स्विचच्या मधल्या व एका टोकाच्या पायाला जोडा.

झाकण बळाने बसवावं लागलं तर थांबा. दाबलेली स्प्रिंग महिन्याभरात चपटी होते आणि मग जीभ काढली तरी संपर्क सैलच राहतो. अशा वेळी ४.२ मिमी जाडीचा एसआर४३ वापरा. व्यास तोच आहे आणि १.२ मिमी जागा मोकळी होते. क्षमता थोडी कमी, पण स्विच असल्यावर ती जाणवत नाही.

उघडून: पक्की पद्धत

सरकत्या भागाच्या मागे चंदेरी स्टिकर असतो, त्याखाली चार बारीक स्क्रू लपलेले असतात. हेअर ड्रायरने स्टिकर कोमट करून हळू सोला, तो परत लावायचा आहे. स्क्रू काढले की डिस्प्लेचं प्लास्टिक घर धातूच्या भागापासून सुटतं. वरच्या कडेच्या दोन छोट्या स्क्रूंना मात्र हात लावू नका. ते आतल्या पितळी पट्टीचा दाब ठरवतात. ते फिरले की सरकता भाग सैल होतो आणि जबडे तिरके मिटतात.

घर उलटं केलं की बोर्डावर तांब्याच्या बारीक उभ्या रेघांची ओळ दिसेल. मोजमाप तीच करते: समोरच्या पट्टीवरच्या तांब्याशी मिळून तिचे कॅपॅसिटर बनतात. बोट लावू नका. बोटाचं तेल, सोल्डरमधून सुटणारा चिकट फ्लक्स, प्लास्टिकचा किस, काहीही तिथे राहिलं तर माप उडी मारतं. आधी त्या ओळीवर कॅप्टन टेप चिकटवा, मग पुढचं काम. या बाजूला सोल्डरचा एकही फुगवटा राहता कामा नये, कारण बोर्ड आणि पट्टी यांच्यात मिलीमीटरचा काही भागच फट असते.

बोर्ड घरातून सोडवावा लागला तर डिस्प्ले आणि बोर्ड यांच्यामधली रबरी झेब्रा पट्टी जागची हलवू नका. तिच्यात शेकडो बारीक वाहक थर असतात, त्यातूनच डिस्प्लेला सिग्नल मिळतो. ती तिरकी बसली की आकड्यांच्या काही रेघा गायब होतात. बोर्डाचे स्क्रू परत लावताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

आता मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप वाजते त्या रेंजवर) ठेवा आणि सेलचा धन संपर्क आणि व्हर्निअरचं लोखंडी अंग यांच्यामध्ये तपासा. बऱ्याच व्हर्निअरमध्ये बीप वाजतो: अंग धनाला जोडलेलं असतं. अशा व्हर्निअरमध्ये धनाची तार तोडली तर वीज अंगातून परत बोर्डावर पोचू शकते आणि स्विच बंद करूनही सेल वाहत राहतो. म्हणून आपण ऋण बाजू तोडतो. बीप वाजला असेल तर स्विचच्या पत्र्याच्या डबीखाली कॅप्टन टेपचे दोन थर द्या. ऋणाची तार डबीला आणि डबी अंगाला टेकली तर सेल थेट शॉर्ट होईल.

सेलच्या ऋण संपर्काचा पाय बोर्डाच्या पॅडवर सोल्डर केलेला असतो. वेणीने ते सोल्डर शोषून पाय अर्धा मिमी उचला आणि खाली टेपचा तुकडा सरकवा. बोर्डावरची रेघ ब्लेडने कापणंही शक्य आहे, पण उचललेला पाय परत खाली बसवता येतो, कापलेली रेघ जोडणं किचकट. आयर्न एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. सेलवर तर थेट सोल्डर कधीच करू नका, तो फुगून फुटतो.

जोडणी अशी: बोर्डाच्या ऋण पॅडवरून तार स्विचच्या मधल्या पायाला. संपर्काच्या उचललेल्या पायावरून तार स्विचच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाच्या पायापासून १०० ओहमचा रेझिस्टर बोर्डाच्या धन पॅडला. आणि १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बोर्डाच्या ऋण व धन पॅडच्या मध्ये.

कॅपॅसिटर आणि रेझिस्टर गाळून नुसता स्विच लावण्याचा मोह होतो. करू नका, कारण सगळी विश्वासार्हता या दोघांत आहे. स्विचचे संपर्क धक्क्याने क्षणभर सुटू शकतात, विशेषतः २० मायक्रोॲम्पिअरसारख्या नगण्य प्रवाहात, जिथे संपर्कावरचा गंज जाळून टाकायला ठिणगीही पडत नाही. तेवढ्या क्षणात चिप विसरते, शून्य बदलतं, आणि डिस्प्ले मात्र शहाण्यासारखा आकडा दाखवत राहतो. असं चुकीचं माप बंद पडलेल्या व्हर्निअरपेक्षा वाईट. १० मायक्रोफॅरडच्या साठ्यावर १० मिलिसेकंदांचा खंड पडला तरी व्होल्टेज जेमतेम ०.०२ ने उतरतो आणि चिपला त्याचा पत्ता लागत नाही. उलट बाजूने, स्विच बंद केल्यावर हाच साठा पाऊण सेकंदभर रेंगाळत उतरतो, आणि मधल्या अर्धवट व्होल्टेजला चिप अडकून बसू शकते: पुन्हा चालू केल्यावर डिस्प्लेवर अर्धे अंक किंवा सगळ्या रेघा पेटलेल्या. १०० ओहम बंद स्थितीत साठा चटकन रिकामा करतो आणि चिप दर वेळी कोरी सुरू होते. जिभेच्या पद्धतीत ही सोय करता येत नाही, म्हणून तिथे बंद केल्यावर पुन्हा चालू करायच्या आधी पाच सेकंद थांबा.

स्विच कुठे बसेल हे अंदाजाने ठरवू नका. मुलांच्या खेळायच्या मातीची गोळी घराच्या आत, वाटेल त्या मोकळ्या जागी ठेवा, घर मिटवा, उघडा आणि दबलेल्या गोळीची जाडी मोजा. स्विचच्या जाडीहून अर्धा मिमी जास्त भरली तरच ती जागा. बहुधा सेलच्या कप्प्याशेजारी किंवा वरच्या कडेला डेटा पोर्टच्या बाजूला जागा मिळते. अंगठ्याचं चाक आणि लॉकचा स्क्रू यांच्या वाटेवर स्विचची दांडी येऊ देऊ नका. दांडी घराच्या पृष्ठभागापेक्षा वर न येईल एवढी कापा. नखाने सरकेल आणि खिशात आपोआप हलणार नाही.

खाचेसाठी १.५ मिमीची दोन भोकं जवळजवळ पाडा आणि मधला भाग सुईसारख्या कानशीने काढा. बोर्ड त्या वेळी घरात नको. स्विच अरल्डाइटने चिकटवताना गोंद फक्त डबीच्या दोन टोकांना लावा, दांडीपासून लांब, आणि रात्रभर सुकू द्या.

मिटवल्यावर

सेल घालण्याआधी कंटिन्युइटीने पहा: सेलचा ऋण संपर्क आणि अंग यांच्यात स्विचच्या कुठल्याही स्थितीत बीप वाजता कामा नये. मग सेल घालून पुन्हा मायक्रोॲम्पिअर मोजा. बंद स्थितीत शून्य, चालू स्थितीत आधीइतकाच आकडा. बंद करूनही प्रवाह वाहत असेल तर कुठून तरी दुसरी वाट शिल्लक आहे. बहुतेक वेळा उचललेला पाय परत पॅडला टेकलेला असतो. चालू स्थितीत आकडा वाढला असेल तर फ्लक्स पुसायचा राहिला आहे, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा.

त्यानंतर धक्क्याची परीक्षा. जबडे मिटवून शून्य करा, लॉक आवळा, पेन्सिलीच्या लाकडी टोकाने घरावर वीस-पंचवीस टिचक्या मारा आणि स्विचची दांडी आहे त्याच स्थितीत जराशी हलवा. आकडा ०.०० वरून हलला तर स्विच बदला. लॉक सोडून सरकता भाग १५० मिमीपर्यंत नेऊन दहा वेळा परत आणा. दर वेळी ०.०१ च्या आत शून्यावर आला पाहिजे.

मापाची खात्री करायला स्लिप गेज (नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे) नसेल तर नवं, न वापरलेलं बेअरिंग घ्या. ६२०३ चं बाहेरचं माप ४० मिमी, आतलं १७, रुंदी १२. ६०८ चं अनुक्रमे २२, ८ आणि ७. चांगल्या कंपनीच्या बेअरिंगच्या व्यासातला फरक ०.०१ मिमीच्या जवळपास असतो, व्हर्निअरच्या अचूकतेपेक्षा कमीच. दोन्ही बेअरिंगांवर बाहेरची आणि आतली अशी चारही मापं ०.०२ ते ०.०३ च्या आत येत असतील तर जोडणीत काही बिघडलेलं नाही.

अंगाला हात लावला की आकडा नाचतो, असं दिसलं तर बोर्डाचा धातूच्या अंगाशी असलेला संपर्क तुटला आहे. तो कधी छोट्या स्प्रिंगने तर कधी एखाद्या स्क्रूमार्फत होतो आणि मिटवताना हमखास विसरतो. पुण्याच्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये आकडे उड्या मारू लागले तर मात्र आधी स्विचवर संशय घेऊ नका. पट्टीवर दमट हवेचा किंवा कूलंटचा थर बसला असतो. अल्कोहोलने पुसा, डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि तरीही राहिलं तर मग उघडा.

सेल आता वर्षानुवर्षं संपणार नाही, आणि नेमका त्यामुळेच तो आत विसरला जाईल. अल्कलाइन सेल जुना झाला की कडेने गळतो आणि संपर्कांवर पांढरा-हिरवट थर चढतो. एलआर४४ असेल तर संपो न संपो, दर दोन वर्षांनी बदला आणि तारीख झाकणाच्या आत लिहून ठेवा. गळती झालीच तर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा एक थेंब घेऊन थर काढा, मग अल्कोहोलने पुसा. काढलेला सेल टेप लावून बंद डब्यात ठेवा. लहान मुलाने गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो, अशा वेळी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा असतो.

आणि डिस्प्लेच्या खाली एक छोटी पट्टी चिकटवा: 'चालू केलं? जबडे मिटवा, शून्य करा.'